विलंबाबद्दल दिलगीर

पनवेलच्या माणसाला संथपणाचं भय वाटत नाही. विमानतळ येणार, विमानतळ येणार, हे मी डोक्यावरचे केस काळे होते तेव्हापासून ऐकत आलो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा कलप लावायलाही केस उरले नव्हते. पळस्प्याहून गोव्याकडे जाणारा रस्ता चौपदरी करायचं काम २०११ साली निघालं. त्या वर्षी बारसं झालेल्या मुलांना आता मिसरूड फुटायला आली, आणि आमच्याकडून कोकणात जाणाऱ्या पाहुण्याला सौ. अजून दोन वेळचा डबा बांधून देते. सांगायचा मुद्दा, विलंबित हा प्रकार आम्हांला शास्त्रीय संगीतातून शिकावा लागत नाही.

तरीसुद्धा माझा भाचा पिंट्या आमच्याकडे राहायला आला आणि त्याच्या खोलीतून पहिल्या रविवारी जो आवाज आला, त्याने मी हबकलो. आधी जमीन थरथरली. मग फडताळातल्या कपबश्या एकमेकींशी बोलू लागल्या. सौ. मिक्सर बंद करायला धावली, तर तो बंदच होता. एक प्रचंड सूर निघाला, तो विरेपर्यंत मी वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचून संपवला. मग दुसरा सूर निघाला.

मी दार ठोठावलं. "पिंट्या, काही बिघडलंय का?"

"नाही मामा, वाजतंय. याला डूम म्हणतात."

नाव मात्र चोख वाटलं. जसं वाजतं तसंच म्हणतात.

पिंट्या वय वर्षं सत्तावीस, तळोज्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. त्याच्याखेरीज आणखी दोघे. एक गिटारवाला, एक ड्रमवाला, आणि पिंट्या तो चार तारांचा, पोटात गडगडणारा बेस वाजवणार. तळोज्यालाच कुणाच्या तरी बंद गाळ्यात तालीम. चार वर्षं झाली, बॅण्डचं नाव अजून ठरायचं होतं. म्हणजे संगीतच नव्हे, बारसंही विलंबितात. वर्षाला कार्यक्रम तीन. मिळकत विचारली तेव्हा त्याने जाण्यायेण्याचा टेम्पो वजा करून जो आकडा सांगितला, तो उणे होता.

माझ्या ताईचा फोन आला. "तू त्याच्याशी बोल. हे खूळ काढ डोक्यातून. मुलीकडचे विचारतात, मुलगा काय करतो? काय सांगू, हळू वाजवतो?"

ताईचं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण शत्रूवर चाल करण्याआधी मुलूख पाहून यावा, हा आपल्याकडचा जुना रिवाज. म्हणून मी रोज रात्री जेवणानंतर गच्चीवर पिंट्याची शिकवणी लावली. तो बोलायचा, मी ऐकायचो, वडाळे तळ्याकडून वारा यायचा. महिन्याभरात माझ्याजवळ एक संपूर्ण इतिहास जमा झाला. तोच वाचकांपुढे ठेवतो.

या कथेची सुरुवात आईचं ऐकण्यापासून होते. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम गावी टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. गाव सगळं लोखंडाचं. १९६५ साल. नोकरीचा शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवसापासून बॅण्डबरोबर बाहेरगावी जायचं. दुपारी जेवायला घरी आला तो म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, हातातलं काम नीट पुरं करून ये. तो गेला, आणि त्या दुपारी यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तो हात नेमका उजवा.

इथे आपल्याकडच्या चित्रपटात मध्यंतर झालं असतं. पण कारखान्याच्या मुकादमाने त्याला एक तबकडी आणून दिली. जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची. आगीत हात भाजल्यावर राइनहार्ट दोन बोटांवर वाजवायचा. ते ऐकून पोराने प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या करून बोटांवर चढवल्या, वरून कातडं लावलं. तारा टोचायच्या म्हणून बॅंजोच्या हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१ सालच्या तिसऱ्या तबकडीत तारा आणखी सैल करून गिटार तीन पट्ट्या खाली उतरवली. सैल तारेवर बोट कमी दुखतं. पण सैल तार पळत नाही. ती घुमते. आज जगभर ज्याला जड संगीत म्हणतात, त्याच्या मुळाशी एका कामगाराची दोन दुखरी बोटं आहेत.

या बॅण्डचं नाव ब्लॅक सॅबथ. पहिली तबकडी एका दिवसात वाजवून मोकळे झाले आणि ती १३ फेब्रुवारी १९७० रोजी, म्हणजे शुक्रवारी, बाजारात आली. तेरा तारखेचा शुक्रवार म्हणजे त्यांच्याकडची शनी-अमावास्या. सगळीच गाणी ते संथ वाजवत असं नाही. पण जे पहिलंच वाजवलं, ते पाऊस, देवळाची घंटा आणि मग तीन सूर, एकेक पायरी पाय चाचपत उतरावी तसे. गायक होता ऑझी ऑस्बॉर्न. सौ.ने हे नाव ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "जड गाणाऱ्याचं नाव ओझी असणारच."

आता या तीन सुरांची गंमत ऐका. पहिला षड्ज, दुसरा तार षड्ज आणि तिसरा तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला युरोपातल्या जुन्या संगीतज्ञांनी चक्क 'सैतान' असं नाव पाडलं होतं. हे पिंट्याने मला असं दबक्या आवाजात सांगितलं, की गच्चीवर कुणी उभं आहे की काय असं वाटलं. मी म्हटलं, "अरे, तीव्र मध्यम ना? आमच्याकडे मुलगी पेटी शिकायला बसली की पहिल्या-दुसऱ्या रागातच तो येतो. यमन." शेजारच्या जोशांची नात गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी सैतानाला दिवा दाखवते आहे आणि सोसायटीने तिला गणपतीत बक्षीसही दिलं आहे.

पिंट्या प्रथमच गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, तुम्हांला सूर कळतात?"

"मला नाही," मी म्हटलं. "अण्णांना कळायचे."

अण्णा म्हणजे माझे वडील. ते पुढे येतीलच.

हे सगळं सातासमुद्रापलीकडे चाललं होतं असंही नाही. १९७२ साली लेड झेपेलिन या दुसऱ्या मातब्बर बॅण्डमधले जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर दोन गाणी मुद्रित करून गेले. वादकांचं नेतृत्व होतं बासरीवादक विजय राघव राव यांच्याकडे. ही मुद्रणं रीतसर बाजारात आली २०१५ साली, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या जागेत दोघं हौशी पोरांच्या वाद्यांवर वाजवून गेले. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि संध्याकाळी पनवेलची एस.टी. चुकू नये एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे त्याच मुंबईत इंग्रजी रॉक गात होता, आणि १९७८ साली पु. ल. देशपांड्यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त तो रॉक मराठी रंगभूमीवर घेऊन आला. तेव्हा हा पाहुणा आपल्या ओसरीवर पूर्वीच येऊन गेलेला आहे. आपणच माजघरात होतो.

ऐंशीच्या दशकात मात्र या संगीताला घाई झाली. जो तो दुसऱ्यापेक्षा जलद वाजवू लागला. संथ वाजवणारे जमिनीखाली गेले. स्वीडनमध्ये १९८६ साली कॅण्डलमास या बॅण्डने आपल्या पहिल्या तबकडीच्या नावातच 'डूम' घातलं आणि पंथाला नाव मिळालं. पण पंथाचे खरे हटयोगी निघाले अमेरिकेत. कॅलिफोर्नियात सॅन होजे गावी १९९० साली काही पोरांनी बॅण्ड काढला. नाव काय ठेवावं? 'स्लीप'. झोप! एवढं प्रामाणिक नाव मी एकाही संगीतसभेला दिलेलं पाहिलं नाही.

या झोपेची कहाणी ऐकून माझी उडाली. पहिली तबकडी १९९१ ची. ती झाली आणि दोन गिटारवाल्यांपैकी एक, जस्टिन मार्लर, बॅण्ड सोडून ख्रिस्ती मठात संन्यासी झाला. राहिले तिघे. अल सिस्नेरोस गायचा आणि बेस वाजवायचा, मॅट पाइक गिटार आणि ख्रिस हेकियस ड्रम. १९९२ च्या दुसऱ्या तबकडीने थोडं नाव झालं. मग लंडन रेकॉर्ड्स या बड्या कंपनीने करार केला. कंपनीची अपेक्षा, पोरं आता चार-चार मिनिटांची दहा गाणी देतील. पोरांनी कंपनीच्या पैशातून डोंगराएवढे ॲम्प्लिफायर घेतले आणि काही वर्षांनी एक गाणं नेऊन दिलं.

एक. लांबी त्रेसष्ट मिनिटं.

गाण्याचा विषय असा, की गांजा ओढणाऱ्या साधूंचा एक तांडा वाळवंटातून तीर्थक्षेत्राकडे चालला आहे. एवढंच. तांडा चालतो. एकच सुरावट, तीच पुन्हा, किंचित वळून पुन्हा तीच. कुंभमेळा पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण कंपनीला घाम फुटला. रेडिओवर साडेतीन मिनिटं मिळतात, त्रेसष्टाचं करायचं काय? कापा, म्हणाले. पोरांनी थोडं कापलं. कंपनीने तरीही काढलं नाही. बॅण्ड मोडला. १९९९ साली बावन्न मिनिटांचं रूप दुसऱ्याच लहान कंपनीने 'जेरुसलेम' नावाने काढलं आणि पूर्ण त्रेसष्ट मिनिटं 'डोपस्मोकर' नावाने लोकांपुढे आली २००३ साली. तेव्हा वाजवणारे आपापल्या वाटेने गेले होते.

पिंट्या हे सांगताना हळवा झाला होता. "एका गाण्यासाठी बॅण्ड मोडला, मामा!"

मला मात्र अण्णा आठवले.

अण्णा इथे शाळेत चित्रकला शिकवायचे. पगार बेताचा, षोक एकच. अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब १९३७ साली गेले, मिरजेला दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि तिथे उरुसाला गाणं होतं. अण्णा दर वर्षी एस.टी.ने मिरजेला जात, रात्रभर ऐकत आणि परत येऊन तसेच शाळेत. आम्ही भावंडं टिंगल करायचो, की अण्णा मिरजेला जाऊन झोप काढून येतात. घरी एक चावीचा ग्रामोफोन आणि काळ्या, जाड तबकड्यांची एक पेटी होती. एका बाजूला तीन मिनिटं.

अण्णा म्हणायचे, "ही तबकडी म्हणजे खाँसाहेबांचा पासपोर्टचा फोटो. माणूस ओळखू येतो, पण माणूस नव्हे." जो गवई एकेका सुराची मनधरणी करत तासभर बढत करायचा, त्याला कंपनीने सांगितलं, तीन मिनिटांत उरका. बहुतेकांनी उरकलं. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या डोंगराची एकही ध्वनिमुद्रिका मागे राहिली नाही. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, तीसुद्धा साडेतीन मिनिटांची. परग्रहावर कुणी ऐकलीच, तर त्याला वाटेल की पृथ्वीवरची माणसं फार घाईची होती. आणि इथे कॅलिफोर्नियातल्या तीन पोरांनी त्याच साडेतीन मिनिटांच्या चौकटीपुढे मान हलवायला नकार दिला. त्यांना अण्णा भेटायला हवे होते. गांजाबद्दल चार शब्द सुनावले असते, पण त्रेसष्ट मिनिटं पुरी ऐकली असती.

पिंट्याच्या म्हणण्याप्रमाणे पुढची गोष्ट आणखी मजेची आहे. मोडलेला बॅण्ड मेला नाही. तबकडी हातोहाती फिरत राहिली. सिस्नेरोस आणि हेकियस यांनी २००३ साली नवा बॅण्ड काढला, नाव 'ओम'. पुढे त्यात तंबोराही वाजू लागला. म्हणजे पाहुणा पुन्हा आपल्या ओसरीवर. मॅट पाइकने 'हाय ऑन फायर' काढला, त्याला २०१९ साली ग्रॅमी मिळालं. स्लीपची मंडळी २००९ साली पुन्हा एकत्र वाजवायला उभी राहिली. २० एप्रिल २०१८ रोजी त्यांनी कुणाला न सांगता नवी तबकडी बाजारात सोडली. जे गाणं खपणार नाही म्हणून कंपनीने ठेवून दिलं, ते आता संथवाल्यांचा धर्मग्रंथ आहे. गावोगाव तीन पोरं, तीन वाद्यं आणि एक बंद गाळा, एवढी शाखा निघाली की मूळ मठ तोच.

शाखा आपल्याकडेही निघाल्या. बंगळूरच्या बॅण्डचं नाव 'बेवर सी'. इंग्रजीत लिहिलं की समुद्र दिसतो, मोठ्याने म्हटलं की कानडीतली शिवी होते. आपल्याकडे आगगाडीतल्या सामानालाच म्हणतात, बेवारशी. त्यांची पहिली तबकडी २०१२ ची. मुंबईच्या 'डर्ज'ने २०१८ साली 'आह पुच' काढली, तीत माया लोकांचा मृत्युदेव आहे. एवढे यम आपल्याकडे असताना परदेशातून का आणावा हे मी विचारलं. पिंट्या म्हणाला, "मामा, आपल्याकडे लगेच भावना दुखावतात. माया लोक तक्रारीला येत नाहीत."

अभ्यास पुरा झाल्यावर मी प्रत्यक्ष पाहणीला गेलो. परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात, जिथे पूर्वी साचे धडधडायचे, तिथे पिंट्याचा कार्यक्रम होता. श्रोते मोजले, एकतीस. मी धरून. सगळे काळ्या सदऱ्यात, दाढ्या राखलेले. मला वाटलं, आता दंगा होणार. कसला दंगा! पिंट्याने पहिला सूर लावला, तो कानांनी नव्हे, बरगड्यांनी ऐकू आला. आणि ती एकतीस माणसं डोळे मिटून, अगदी सावकाश, एका लयीत माना हलवू लागली. सम आली की सगळ्यांची मान एकदम खाली. हे दृश्य मी कुठे पाहिलं होतं? लहानपणी एकदा अण्णा मला मिरजेला घेऊन गेले होते, तिथे.

मी कानांतला कापूस काढला. लगेच परत घातला, पण काढला होता ही गोष्ट खरी.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमला ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघे वीस वर्षांनी एकत्र वाजवायला उभे राहिले. म्हणजे ऑझी मात्र सिंहासनावर बसून. त्याला उभं राहवत नव्हतं. २२ जुलैला तो गेला. त्या रात्री पिंट्या जेवला नाही. सौ.ला वाटलं कारखान्यातलं कुणी गेलं. मी सांगितलं, ओझी गेला. ती काही बोलली नाही. झाकून ठेवलेलं ताट मात्र तिने रात्री अकराला पुन्हा गरम केलं.

त्यानंतर महिन्याभरात त्यांच्या ड्रमवाल्याला कॅनडाला नोकरी लागली. बॅण्ड मोडला. नाव ठेवायचं राहिलंच. पिंट्याने बेसचा तो भलाथोरला ॲम्प्लिफायर विकायला काढला. ताईचा फोन आला, आवाजात नारळ फोडल्याचा आनंद. "तुझ्या बोलण्याचा गुण आला हो!"

गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. शनिवारी रात्री पिंट्या गच्चीवर बसला होता. सहज म्हणाला, "एवढं जड धूड ठेवायचं तरी कुठे, मामा?"

आता जे सांगतो ते मी ताईलाही कधी सांगितलेलं नाही. अण्णा १९८८ साली गेले. घर रंगवायला काढलं होतं, माळा रिकामा करायचा होता. ग्रामोफोनची कमान तुटलेली. मी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने तबकड्यांची पेटी तराजूत ठेवली आणि मी उभा राहून काटा नीट पाहिला, मापात मारू नये म्हणून. जड होत्या. चांगले पैसे आले. त्या पैशांचं काय केलं ते आठवत नाही. काटा कुठे थांबला, ते आठवतं.

मी पिंट्याला म्हटलं, "माळ्यावर जागा आहे."

रविवारी गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवलं. मग कळलं की धूड माळ्यावर चढत नाही. चौघांनी उचललं, शिडीची एक पायरी मोडली, माझ्या कमरेत उसण भरली. शेवटी ते बैठकीच्या खोलीतच बसलं. सौ.ने त्यावर विणलेला रुमाल घातला आणि वर टी.व्ही. ठेवला. बातम्या आता जरा वजनदार वाटतात. पिंट्या मधूनच टी.व्ही. खाली उतरवतो आणि एकटाच वाजवतो. जोशांची नात यमनचा सा कुठला धरते ते त्याने तिला विचारून घेतलं आहे. काय शिजतंय ते मी विचारत नाही.

काल ताईचा फोन आला.

"विकलं का ते यंत्र?"

"नाही अजून."

"अरे, मग त्याचं पुढे काय ठरलं?"

मी म्हटलं, "ताई, आत्ता कुठे आलाप चाललाय."

"आणि तो संपणार कधी?"

ताई मिरजेकडची नव्हे, पनवेलचीच. तिने तरी हा प्रश्न विचारायला नको होता.